वार्धक्याच्या अभ्यासात पाऊल टाकताना

राजर्षी शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. त्या काळी भारतातलं सरासरी आयुर्मान तिशीलाही पोचत नव्हतं. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. शतकभरात पदरात पडलेली ही वाढीव वर्षं माणसं कशी जगतात, कुणाच्या आधारानं आणि किती धडधाकट, याचा शोध घेणाऱ्या या अभ्यासशाखेत तुमचं मनापासून स्वागत.

लोक जास्त जगतात म्हणून समाज म्हातारा होतो, असं पटकन वाटतं. पण मुख्य कारण पाळण्याशी सापडतं. मुलं कमी जन्मली की एकूण लोकसंख्येत वयस्कांचा वाटा आपोआप वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे सरासरी १.७ मुलं असा भरला. आईबापांची जागा पुढच्या पिढीनं भरून काढायला तो साधारण २.१ लागतो.

वेगही महत्त्वाचा. पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षं लागली, जपानला १९७० ते १९९४ अशी फक्त २४. मात्र जपाननं १९६१ मध्येच सर्व नागरिकांना आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाच्या छत्राखाली आणलं होतं. आपल्याकडे केस पांढरे होऊ लागले, तरी ते छत्र अजून उभं राहायचं आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत किंवा साखर कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या कामगाराला 'ईपीएस-९५' या कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळणाऱ्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. एवढ्यात औषधपाणी भागत नाही. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस दुसऱ्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहतो.

इथे माझा या शाखेच्या रूढ मोजमापाशी मतभेद आहे. 'अवलंबित्व गुणोत्तर' काढताना विशिष्ट वयापुढचा प्रत्येक जण कमावत्यांवरचा भार धरला जातो. करवीर, कागल, भुदरगड तालुक्यांतल्या कुठल्याही गावात पहाटे जाऊन बघा. गोठा झाडून, म्हशीची धार काढून संस्थेत दूध घालून येणारी बाई पुष्कळदा साठीपुढची असते. मुलगा-सून पुण्याला, नातू तिच्यापाशी, वैरणीची चिंता तिलाच. दुधाच्या बिलावर घरचा किराणा येतो. गुणोत्तरात मात्र ती अवलंबित! मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी केली. साठीपुढचे एक तृतीयांशाहून अधिक लोक तेव्हाही काम करत होते, आणि शहरापेक्षा खेड्यात त्यांचं प्रमाण जास्त होतं. यातलं किती काम हौसेचं आणि किती नाइलाजाचं, हे विचारल्याशिवाय आकडा अपुराच राहतो. त्या बाईचे गुडघे किती वर्षं दुखताहेत आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन सुगी संपेपर्यंत का लांबणीवर पडलं, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे.

कुटुंबाबद्दल लिहिताना हळहळीचा मोह टाळा. पूर्वी सगळे गोकुळासारखे नांदत होते, असं गृहीत धरलं की विधवा बायांचे जुने हाल दिसेनासे होतात. २००७ च्या कायद्यानं आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा, वकील लागत नाही, मर्यादा महिना १०,००० रुपये. पण पोटच्या लेकाविरुद्ध अर्जावर अंगठा उठवणं आईला किती जड जातं, हे कलमांत लिहिलेलं नसतं.

तेव्हा गावात शिरताना प्रश्नावलीत एक साधा प्रश्न आधी घाला: सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे? नवऱ्यामागे बाईचं नाव लागलं का, की थेट मुलांची लागली, याची नोंद ठेवा. मग घरात निर्णय कोण घेतं ते विचारा, आणि उत्तर तिच्या तोंडून घ्या, शेजारी बसलेल्या मुलाच्या नव्हे.