उंदीर पडला!

दिवाळी जवळ आली, की आमच्या वाशीच्या घरात झाडलोट सुरू होते आणि मला आजी आठवते. चकल्या तळणारी नव्हे. धान्याचे डबे हलवून मागे वाकून पाहणारी. "मेलेला उंदीर दिसला तर हात लावू नकोस हो, आधी मला हाक मार," असे ती बजावी. आम्ही पोरे हसत असू. तिचा धाकटा भाऊ मुंबईच्या प्लेगात गेला, हे कळले त्या दिवशी आमचे हसू थांबले.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि शहरात हाहाकार उडाला. योगायोग पाहा: मशीद बंदर-मांडवीकडचा तो घाऊक धान्यबाजार पुढे आमच्या नवी मुंबईत आला. आजीने ज्या पोत्यांची धास्ती घेतली, त्यांचे वंशज आज माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर उतरतात!

प्लेगचा जंतू येर्सिन यांना १८९४ सालीच हाँगकाँगला सापडला होता. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण जंतू माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोडेच होते. सरकारी पथके घरे कार्बोलिकने धूत आणि रोग्यांना उचलून नेत. लोकांची खूण मात्र साधी होती: उंदीर पडला, की घर सोडून माळावर झोपडी घालायची.

पणजोबांच्या घरीही उंदीर पडला. पथकाच्या भीतीने त्यांनी तो गुपचूप बाहेर टाकला आणि घरातच राहिले. आठवडाभरात आजीचा भाऊ तापला. पुढचे ती कधी सांगत नसे.

लोकांची खूण खरी होती, हे सिद्ध व्हायला वेळ लागला. १८९८ साली सिमाँ यांनी कराचीत दाखवले, की प्लेग उंदराच्या पिसवांमार्फत पसरतो. पुष्कळांनी ते मानले नाही. मग परळच्या प्रयोगशाळेतील लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. उंदीर मेला, अंग गार पडले, की पिसू दुसरे ऊबदार अंग शोधते. उंदीर उरला नाही, तर माणसाचे. म्हणजे घर सोडून माळावर जाणारे अडाणी नव्हते!

याहून नवल पुढेच आहे. शास्त्रज्ञांनी गावोगावचे उंदीर आणून त्यांना प्लेगचे जंतू टोचले. मद्रासेत प्लेग फारसा फिरकला नव्हता. तिथले उंदीर पटापट मेले. मुंबईचे मात्र मोठ्या संख्येने तगले. पुढे परळच्या त्याच संस्थेत, जिला १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले, सोखी यांनी १९३० च्या दशकात हेच पुन्हा तपासले. जिथे प्लेगने अधिक कहर केला, तिथले उंदीर अधिक चिवट! दुबळे मेले, तगले त्यांचीच पिलावळ वाढली. डार्विनने सांगितलेली निवड ती हीच. आणि तीही दूरच्या एखाद्या बेटावर नव्हे, आमच्या धान्याच्या कोठारांत घडली. मुंबईतला प्लेग ओसरला, त्याला कारणे अनेक. उंदरांचे हे बदलणे त्यांतले एक असावे.

म्हणून प्लेग कायमचा गेला असे मात्र नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत त्याच्या बातमीने पुन्हा घबराट माजली. उंदीर बदलला, माणसाला ती सोय नाही. त्याला आठवण ठेवावी लागते, आणि मुख्य म्हणजे भीतीने काही लपवून चालत नाही.

यंदाही सूनबाईने "बाबा, तुम्ही बसा," म्हटले, तरी मी डबे हलवून पाहिले. मागे थोडे सांडलेले तांदूळ होते, दुसरे काही नव्हते. आजीला सांगावेसे वाटले.