जील्योच्या किनाऱ्यावरची ६९ मिनिटं

शुक्रवार, १३ जानेवारी २०१२. संध्याकाळी ७.१८

रोमजवळच्या चिवितावेक्क्या बंदरातून ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे प्रवासी जहाज सुटतं. लांबी २९० मीटर. जहाजावर ४,२२९ माणसं: ३,२०६ प्रवासी आणि १,०२३ कर्मचारी. सकाळी सावोना गाठायचं आहे. समुद्र शांत आहे, दूरवरचे दिवे स्वच्छ दिसताहेत.

याच बंदरात चढलेल्या सातशेच्या आसपास प्रवाशांना आपली लाइफबोट कोणती, भोंगा वाजला की कुठे जमायचं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तो सराव उद्या होणार आहे. २४ तासांच्या आत झाला म्हणजे पुरे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि तो पाळला जातो आहे. (जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी सराव झालाच पाहिजे, हा नियम १ जानेवारी २०१५ पासून लागू झाला.)

निघण्यापूर्वी कॅप्टन फ्रान्चेस्को स्केत्तीनोने मार्ग आखणाऱ्या अधिकाऱ्याला एक बदल सांगितला आहे. जहाज एरवी जील्यो बेटापासून सुमारे ८ किलोमीटर दूरून जातं. आज ते बेटापासून अर्ध्या सागरी मैलावरून, म्हणजे एक किलोमीटरहून कमी अंतरावरून न्यायचं. बेटाला सलामी द्यायची. रेस्टॉरंटचा प्रमुख मूळचा जील्योचा आहे, त्याला खूश करायचं आहे. कंपनीच्या एका निवृत्त कॅप्टनचंही त्या बेटाशी नातं आहे.

रात्री ९ च्या सुमारास

जील्यो हे तोस्काना प्रांताच्या किनाऱ्यासमोरचं बेट, जेमतेम २४ चौरस किलोमीटरचं. वस्त्या तीन: बंदराशी पोर्तो, डोंगरावर तटबंदीतलं कास्तेल्लो आणि पलीकडच्या किनाऱ्यावर कांपेझे. लोकसंख्या १,४०० च्या आसपास. १५४४ मध्ये ऑटोमन नौसेनानी बार्बारोसाच्या आरमाराने इथून सुमारे सातशे माणसं गुलाम म्हणून उचलून नेली होती. समुद्रावरून काय येऊ शकतं, हे या बेटाला नव्याने शिकायचं नव्हतं. पण जानेवारीत पर्यटक नसतात, बहुतेक हॉटेलं बंद असतात आणि जेवणं उरकून लोक घरात बसलेले असतात. थोड्या वेळाने कॉनकॉर्डिया अगदी जवळून जाणार आहे, असं बेटावरच्या कुणीतरी फेसबुकवर लिहिलं आहे.

जवळून जाणं नवीन नाही. गेल्या वर्षी १४ ऑगस्टला हेच जहाज कंपनीच्या परवानगीने बेटाला लगटून गेलं होतं. किनाऱ्यावर लोक जमले होते, भोंगे वाजले होते. सगळं सुखरूप पार पडलं आणि त्या रात्रीबद्दल कुणी कुणाला जाब विचारला नाही. माझ्या मते पहिला इशारा तिथेच हुकला.

९.३४

जेवण आटोपून कॅप्टन ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात येतो. त्याच्या मागोमाग ज्यांचं ब्रिजवर काही काम नाही अशी माणसंही येतात. रेस्टॉरंटचा प्रमुख आहे, हॉटेल विभागाचा एक वरिष्ठ आहे, कॅप्टनसोबत जेवलेली एक तरुणी आहे.

नकाशाच्या टेबलावर १:१,००,००० प्रमाणाचा नकाशा आहे. मोकळ्या समुद्रात तो चालतो. किनाऱ्याला घसटून जायचं तर निदान १:५०,००० चा हवा. या नकाशावर एक किलोमीटर म्हणजे एक सेंटिमीटर. ले स्कोले नावाचा खडकांचा पुंजका त्यावर पेन्सिलीच्या टोकाखाली झाकून जाईल.

९.३९

कॅप्टन जहाजाचा ताबा घेतो. वेग सुमारे १६ नॉट, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. तो फोनवर त्या निवृत्त कॅप्टनशी बोलतो, किनाऱ्याजवळच्या खोलीबद्दल विचारतो. निवृत्त कॅप्टन आज बेटावर नाहीच. ब्रिजवरच्या एका अधिकाऱ्याने नंतर साक्षीत सांगितलं की, कॅप्टनचा वाचायचा चष्मा केबिनमध्ये राहिला होता आणि रडार बघायला त्याने दुसऱ्याला सांगितलं होतं.

ब्रिजवर पुरेसे प्रशिक्षित अधिकारी आहेत. त्यांच्यासमोर रडारवर बेट जवळ येतं आहे. ‘फार जवळ आलोय’ असं कुणी मोठ्याने म्हणत नाही.

९.४४

अंधारात पुढे पांढरा फेस दिसतो. खडकावर पाणी फुटतं आहे. कॅप्टन एकामागून एक हुकूम सोडतो: उजवीकडे, आणखी उजवीकडे. नाळ वळते. मग मागची बाजू खडकावर आपटू नये म्हणून डावीकडे. सुकाणूवर इंडोनेशियाचा खलाशी आहे, हुकूम इंग्रजीतून येताहेत. शेवटचा हुकूम तो उलटा ऐकतो आणि चूक दुरुस्त होईपर्यंत १३ सेकंद जातात. तपास अहवालात या १३ सेकंदांची नोंद आहे. खटल्यात बचाव पक्षाने त्यांवर बराच भर दिला. पण एवढं मोठं जहाज, त्या वेगाने, त्या जागी आणणारा हुकूम सुकाणूवाल्याचा नव्हता.

९ वाजून ४५ मिनिटं ७ सेकंद

डावी बाजू ले स्कोलेच्या खडकावर घासली जाते. पाण्याच्या पातळीखाली ५३ मीटर लांबीचं भगदाड पडतं. तुटलेल्या खडकाचा प्रचंड तुकडा पोलादात रुतून जहाजासोबत निघतो.

नाट्यगृहात जादूचे प्रयोग चालू आहेत. जेवणघरात रात्रीची दुसरी पंगत बसली आहे. टेबलांवरून बशा आणि पेले घसरून फुटतात. मग दिवे जातात.

९.४६ ते १०

पाणी इंजिनांच्या खोल्यांत शिरलं आहे. वीज नाही, इंजिनं बंद, सुकाणू निकामी. आपत्कालीन जनरेटर सुरू होतो, पण भार घेत नाही. जहाज आलेल्या वेगावर उत्तरेकडे सरकत राहतं आणि हळूहळू मंदावतं.

अशा जहाजाचा तळ आडव्या भिंतींनी कप्प्यांत वाटलेला असतो. लागून असलेले दोन कप्पे भरले तरी कॉनकॉर्डिया तरंगत राहावं, अशी त्याची रचना होती. भरले पाच. इंजिन विभागातून वर येणारी माहिती टप्प्याटप्प्याने वाईट होत जाते. दहा वाजण्याच्या सुमाराला ब्रिजवर एवढं कळलेलं आहे की दोनाहून जास्त कप्प्यांत पाणी आहे. पुढचं गणित कोणत्याही जहाजी अधिकाऱ्याला तोंडपाठ असतं.

९.५४

ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सांगितलं जातं की विजेत बिघाड झाला आहे आणि परिस्थिती नियंत्रणात आहे.

कुणा प्रवाशाने काढलेल्या चित्रफितीत लाइफजॅकेट घातलेल्या माणसांचा घोळका दिसतो. एक कर्मचारी स्त्री त्यांना शांतपणे सांगते आहे की सगळं ठीक आहे, आपापल्या केबिनमध्ये परत जा. ती खोटं बोलत नव्हती. तिला जे सांगितलं होतं तेच ती पुढे सांगत होती. वरून आलेला शब्द ती पाळत होती आणि तो शब्द खोटा होता.

तीन-चार मिनिटांनी कॅप्टन कंपनीच्या आपत्कालीन समन्वयकाला फोन लावतो. पुढच्या तासाभरात त्यांच्यात अनेकदा बोलणं होतं. तटरक्षक दलाला अजून एकही फोन गेलेला नाही.

१०.०६

तटरक्षक दलाला बातमी लागते ती दीडशेहून अधिक किलोमीटर दूरच्या प्रातो शहरातून. जहाजावरच्या एका बाईने घरी फोन केला आहे. छताचे तुकडे डोक्यावर पडले, लाइफजॅकेट घालायला लावलंय. घरच्यांनी पोलिसांना कळवलं, पोलिसांनी लिव्होर्नोच्या बचाव केंद्राला.

लिव्होर्नोचा अधिकारी जहाजाशी संपर्क साधतो. उत्तर येतं: वीज गेली आहे, बाकी काही नाही. मग लाइफजॅकेट कशाला, हा प्रश्न त्याच्या मनात येतो. तो उत्तरावर विसंबत नाही आणि जवळच्या गस्ती नौकेला तिकडे वळायला सांगतो. त्या रात्री वेळेवर झालेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

१०.२६

कॅप्टन पहिल्यांदा कबूल करतो की जहाजाला भोक पडलं आहे, जहाज कललं आहे. मागणी एकच करतो: ओढून न्यायला एक टग पाठवा.

दरम्यान ईशान्येच्या वाऱ्याने बंद पडलेलं जहाज फिरवलं आहे आणि ते पुन्हा बेटाकडे वाहत चाललं आहे. भगदाड डावीकडे असूनही जहाज आता उजवीकडे झुकतं आहे. पोर्तोच्या धक्क्यावर काही लोक उभे आहेत. एवढं झगमगणारं जहाज असं काळोखात का उभं आहे, हे त्यांना कळत नाही.

१०.३३

आणीबाणीचा भोंगा: सात आखूड, एक लांब. धडकेला ४८ मिनिटं झाली आहेत. पुढच्या काही मिनिटांत, लिव्होर्नोने पुन्हा पुन्हा बजावल्यावर, जहाजावरून संकटाचा अधिकृत संदेश सुटतो.

१०.४४

जहाज पुंता गाब्बियानाराजवळ, बंदराच्या अगदी तोंडाशी, तळाला टेकतं. ते इथे कुणी आणलेलं नाही. सुकाणू चालत नव्हतं, इंजिनं बंद होती. वारा उलटा असता तर हे सगळं खोल समुद्रात घडलं असतं.

१०.५४

जहाज सोडण्याची घोषणा होते. आवाज कॅप्टनचा नाही.

९.४५ ते १०.५४. एकोणसत्तर मिनिटं. या वेळात समुद्र शांत होता. जमीन डोळ्यांसमोर होती. सुरुवातीला जहाज जवळजवळ सरळ उभं होतं, दोन्ही बाजूंच्या लाइफबोटी खाली सोडता आल्या असत्या. म्हणून खडकाला धडकणं ही त्या रात्रीची अर्धीच गोष्ट आहे, असं मला वाटतं. माणसं मेली ती पुढे.

११ वाजल्यानंतर

उजवीकडच्या बोटी सुटताहेत. डावीकडच्या बोटी खाली जायच्याऐवजी जहाजाच्या उतरत्या अंगावर घासत अडकताहेत. स्वयंपाकी, वाढपी, केबिन साफ करणारे यांतल्या कित्येकांनी आजवर बोट कधी खाली सोडलेली नाही, आज ते सोडताहेत. त्यांत भारतीयही आहेत. वाद्यवृंदातला एक हंगेरियन व्हायोलिनवादक मुलांना लाइफजॅकेट चढवायला मदत करतो आणि मग आपलं व्हायोलिन आणायला केबिनकडे जातो. तो परतला नाही.

साडेअकराच्या सुमारास ब्रिज रिकामा होतो.

मध्यरात्रीच्या आसपास

डावीकडे बोट मिळत नाही म्हणून काही जण चौथ्या डेकवरून, जहाजाच्या आतून, उजव्या बाजूला जायला निघतात. त्याच वेळी जहाज जोरात आडवं होतं. वाटेतले आडवे बोळ उभ्या विहिरी होतात आणि त्यांच्या तळाशी पाणी चढतं आहे. मृतांपैकी कित्येक जण इथे गेले. सगळ्यांत लहान मुलगी पाच वर्षांची होती.

वर राहिलेले शेकडो जण जहाजाच्या उताण्या अंगावर रांगत येतात. कुणीतरी दोरीची शिडी सोडली आहे. हेलिकॉप्टरच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ही रांग टिपली गेली आहे. काळ्या भिंतीवर पांढरे ठिपके, एकाखाली एक, फार हळू उतरताना.

जील्योत कुणी हुकमाची वाट पाहिली नाही. ज्याची नाव होती त्याने ती पाण्यात लोटली. उपमहापौर मारियो पेल्लेग्रीनी एका बोटीतून गेला, आडव्या जहाजावर चढला आणि लोकांना दोराने वर ओढत पहाटेपर्यंत तिथेच राहिला. पोर्तोच्या चर्चचे दरवाजे उघडले, शाळा उघडली, बंद हॉटेलं उघडली, घरं उघडली. चर्चमध्ये वेदीवरची वस्त्रंही भिजलेल्या माणसांच्या अंगावर घालण्यात आली. बेटाच्या लोकसंख्येच्या तिप्पट माणसं त्या एका रात्रीत किनाऱ्याला लागत होती, आणि थंडी जानेवारीची होती.

१४ जानेवारी, १२.३० नंतर

लिव्होर्नोचा अधिकारी ग्रेगोरियो दे फाल्को कॅप्टनला फोनवर गाठतो. कॅप्टन लाइफबोटीत आहे. पाय घसरून बोटीत पडलो, असं त्याचं नंतरचं म्हणणं. किती लोक जहाजावर उरलेत, हे त्याला नेमकं सांगता येत नाही.

१.४६

दे फाल्को पुन्हा बोलतो. या संभाषणाचं ध्वनिमुद्रण पुढे जगभर ऐकलं गेलं. तो कॅप्टनला सांगतो की शिडीने परत वर चढ, किती मुलं आहेत, किती बायका आहेत, मोज आणि मला कळव. मग आवाज चढवून, शिवी घालून हुकूम देतो की जहाजावर जा. कॅप्टन म्हणतो, इथे अंधार आहे.

तो गेला नाही.

सकाळ

पोर्तो सांतो स्तेफानोच्या फेरीबोटी वाचलेल्यांना मुख्य भूमीवर नेऊ लागतात. याद्या जुळत नाहीत. शनिवारी रात्री उशिरा केबिनमधून एक कोरियन नवपरिणीत जोडपं जिवंत सापडतं. रविवारी हॉटेल विभागाचा प्रमुख सापडतो, पाय मोडलेला, दीड दिवस पाण्याच्या कडेला पडून राहिलेला. त्यानंतर कुणी जिवंत सापडलं नाही. मृतांचा आकडा ३२ वर थांबला.

पुढे

सप्टेंबर २०१३ मध्ये १९ तास खपून जहाज उभं करण्यात आलं. त्याआधी सुमारे वीस महिने ते जील्योच्या लोकांच्या खिडक्यांसमोर आडवं पडून होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये जहाज हलवण्याच्या तयारीत एक स्पॅनिश पाणबुड्या मरण पावला. २३ जुलै २०१४ ला जहाज तोडण्यासाठी जिनोआकडे ओढत नेलं.

३१ मृतदेह मिळाले होते. बत्तिसावा ३ नोव्हेंबर २०१४ ला जिनोआत, जहाज तोडताना, एका केबिनमध्ये सापडला. तो मुंबईचा होता, जहाजावर वेटर होता. ती रात्र होऊन दोन वर्षं, नऊ महिने आणि एकवीस दिवस झाले होते.

११ फेब्रुवारी २०१५ ला ग्रोसेत्तोच्या न्यायालयाने स्केत्तीनोला शिक्षा सुनावली. माणसांच्या मृत्यूबद्दल दहा वर्षं. जहाज बुडवल्याबद्दल पाच. प्रवाशांना सोडून गेल्याबद्दल एक. आणि तटरक्षक अधिकाऱ्यांना खरी माहिती न दिल्याबद्दल एक महिना.