स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता

माझ्या बाबांनी 1987 साली पहिली रिक्षा घेतली, तेव्हा कोपरखैरणे गावात ती आणण्यापुरताही सरळ रस्ता नव्हता. बाहेरच्या रस्त्यावर ती उभी केली, आईने चाकावर पाणी घातलं, नारळ फोडला. पुढचे काही दिवस बाबा रात्री दोनदा उठून तिच्याकडे बघून यायचे. त्याआधी त्यांची उमेदीची वर्षं मिठागरात आणि खारीच्या भातशेतीत गेली होती. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालणं, उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर नजर ठेवणं आणि उन्हाळ्यात मीठ ओढणं ही त्यांना येणारी कामं. रिक्षा चालवायला ते चाळिशी उलटल्यावर शिकले.

नवी मुंबईच्या वाहतुकीचा इतिहास पूल आणि लोहमार्गांच्या तारखांनी सांगितला जातो. त्या तारखा मलाही पाठ आहेत, कारण शाळेत मी इतिहास-भूगोलच शिकवला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली. 17 मार्च 1970 ला ते वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन या शहरासाठी ठरली. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल वाहता झाला. शहराची आखणी सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर होती. रेल्वेच्या कण्याला जोडलेले नोड, प्रत्येक नोडमध्ये सेक्टर, आणि माणसाने स्टेशनवर उतरून बसने किंवा पायी घरी जावं, अशी. कल्पना सुंदर होती, आजही मला ती सुंदर वाटते. पण मानखुर्दहून वाशीला पहिली लोकल आली ती 9 मे 1992 ला. पूल आणि रेल्वे यांच्यामध्ये एकोणीस वर्षं गेली. त्या काळात सिडकोने बीएमटीसी नावाची बससेवा काढली, तीही ऐंशीच्या दशकात बंद पडली. बेस्टच्या आणि एसटीच्या बस होत्या. तरी फाट्यावर उतरलेल्या माणसाला आत, नव्या इमारतीपर्यंत नेणारं काहीच नव्हतं.

ती पोकळी रिक्षाने भरली. आणि निदान आमच्या ठाणे-बेलापूर पट्टीत ती भरणाऱ्यांत पुष्कळ जण असे होते, ज्यांच्या शेतांवर हे रस्ते झाले. कोणी मोबदल्याचे उरलेले पैसे घातले, कोणी बायकोचे दागिने. जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर जासई, दास्तान फाटा आणि पागोट्याला जानेवारी 1984 मध्ये गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले, त्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. पण भूखंड हातात पडेपर्यंत घर चालवायचं होतं. बाबा मला शाळेत सोडताना एका वळणावर हमखास हात दाखवायचे, “पोरी, ही आपली खारीची शेती.” तिथे तेव्हा डांबर पडलं होतं आणि बाजूला सेक्टरचा फलक होता. त्या रस्त्यावर पुढे चोवीस वर्षं ते भाडं मारत राहिले.

बाबांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कांदा-बटाट्याचा बाजार 1981 मध्येच मुंबईतून इकडे हलला होता, आणि बाकीचे बाजार एकामागून एक येत गेले तसं पहाटेचं भाडं वाढलं. नंतर कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची घरं झाली. सातारा-सांगलीकडची ही माणसं खांद्यावर पंचा टाकून अंधारात रस्त्यावर उभी असत. तीन मागे, चौथा चालकाच्या शेजारी. चौथी सीट बेकायदा होती, पोलिसाने पकडलं तर दिवसाची कमाई जायची. तरी चौघं बसत, कारण त्याशिवाय माथाड्याला भाडं परवडत नसे आणि बाबांना फेरी.

वाशी स्टेशन झालं आणि धंद्याचं रूपच पालटलं. आमच्या कोपरखैरण्याला स्टेशन मिळालं ते ठाणे-वाशी मार्ग 2004 मध्ये सुरू झाल्यावर. म्हणजे मधली बारा वर्षं कोपरखैरणेकर वाशीला उतरायचा आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहायचा. या बारा वर्षांत स्टँड नावाची संस्था घडली. तिला मी विचारपूर्वक संस्था म्हणते.

स्टँडवर नंबर असायचा. जो आधी आला त्याचं भाडं आधी, मग ते लांबचं असो वा जवळचं. नंबर तोडणाऱ्याला सगळ्यांना चहा पाजावा लागे, दुसऱ्यांदा तोडला तर दिवसभर कोणी त्याच्याशी बोलत नसे. एक फळा होता. त्यावर खडूने कोणाच्या मुलीला दहावीत किती टक्के मिळाले ते लिहिलेलं असे, कोणाच्या निधनाची बातमी असे. महिन्याची भिशी होती, आणि कोणाचं इंजिन बसलं तर ठरलेला क्रम मोडून भिशी त्याला देत. दसऱ्याला सगळ्या रिक्षा झेंडूच्या माळांनी सजायच्या, वर्षाला एकदा सत्यनारायण. शेवटच्या लोकलने एकटी बाई उतरली तर तिला कोणी न्यायचं हेही ठरलेलं असे. वयाने मोठा, घरसंसाराचा माणूस पुढे व्हायचा. मी स्वतः मुंबईत बी.एड. करताना अशी अनेकदा घरी आले आहे. रिक्षावाले काका दार उघडेपर्यंत थांबत आणि मग वळत.

त्यांना पत्ते तोंडपाठ होते, आणि नवी मुंबईत ही साधी गोष्ट नाही. इथे प्रत्येक नोडला आपापले सेक्टर आहेत. सेक्टर 15 म्हटलं तर वाशीचा, कोपरखैरण्याचा की नेरुळचा, हे विचारावं लागतं. जेएन-2 म्हटलं की वाशी, तीन टाकी म्हटलं की आमचं कोपरखैरणे, एलपी म्हटलं की नेरुळ, हा नकाशा कागदावर नव्हता, चालकांच्या डोक्यात होता. गावठाणात तर घरांना नंबरच नव्हते. तिथे आजोबांच्या नावाने किंवा देवळाच्या खुणेने घर सापडायचं.

आता उलट बाजूही सांगायला हवी, कारण तीही खरी आहे. जवळचं भाडं नाकारणं होतं. पाऊस लागला की मीटर न टाकता मनाला येईल तो आकडा सांगणं होतं. जुन्या यांत्रिक मीटरवर जुना दर दिसायचा आणि दरपत्रक बघून हिशेब करावा लागायचा, त्यात नवख्या माणसाला फसवणं सोपं होतं. 2012 मध्ये इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले तेव्हा प्रवाशांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो उगाच नाही. बाबांना या गोष्टींची लाज वाटायची. ते म्हणायचे, एकाने नाकारलं की दहा जणांची इज्जत जाते. ते 2011 मध्ये गेले, तोपर्यंत फोनवरून गाडी बोलावता येते हे त्यांनी ऐकलंही नव्हतं.

फोनवरची गाडी आमच्याकडे खाडीमुळे रुजली, असं माझं मत आहे. मुंबई शहरात रिक्षाला बंदी. शीव आणि माहीम-वांद्र्याच्या पुढे ती जात नाही. काळी-पिवळी टॅक्सी वाशीला यायला तयार नसे, परतीचं भाडं मिळायचं नाही म्हणून. त्यामुळे नवी मुंबईतल्या माणसाला परळच्या इस्पितळात किंवा दादरला सामानासह जायचं तर लोकल, नाहीतर ओळखीची गाडी. मेरूच्या वातानुकूलित टॅक्सी 2007 मध्ये मुंबईत आल्या, फोन करून बोलावता यायच्या, पण त्या आमच्या खिशाच्या नव्हत्या. ओलाची सुरुवात 2010 ची, उबर भारतात 2013 मध्ये बंगळुरूत उतरली आणि 2014 मध्ये मुंबईत आली. 2015 मध्ये आईला तपासणीसाठी परळला न्यायचं होतं. पहाटे साडेपाचला गाडी आमच्या दारात उभी होती, भाडं आधीच कळलं होतं, वाद नाही, विनवणी नाही. आजारी आईला मागच्या सीटवर आडवं करून मी पूल ओलांडला तेव्हा मला मनापासून कृतज्ञता वाटली होती. ती आजही आहे. ज्या बायका रात्रपाळी करून ऐरोली-महापेच्या कंपन्यांतून घरी येतात, त्यांना नातेवाइकाला गाडीचा माग फोनवर पाठवता येतो, हे छोटं काम नाही.

पण मी त्या गाडीच्या पुढच्या सीटकडूनही ही गोष्ट पाहिली. माझ्या भाच्याने 2016 मध्ये कर्ज काढून गाडी घेतली. सुरुवातीला दिवसाच्या ठरावीक फेऱ्या पुऱ्या केल्या की भाड्याशिवाय वर प्रोत्साहनाचे पैसे मिळायचे. महिन्याचा हप्ता भरून हातात चांगली रक्कम उरायची, म्हणून त्याने खासगी नोकरी सोडली. वर्षभरात ते पैसे आटले. फेऱ्यांचा आकडा वाढला, कंपनीचा वाटा वाढला, गॅसचा दर वाढला, हप्ता मात्र तोच. तो चौदा-चौदा तास गाडीत बसायचा. एकदा त्याचं खातं दोन दिवस बंद पडलं. का, हे सांगायला समोर कोणी माणूस नव्हता. फोनवर यंत्राचा आवाज, आणि तक्रार नोंदवल्याचा संदेश. बाबांच्या स्टँडवर नंबर तोडणाऱ्यालासुद्धा आपली बाजू मांडता यायची.

ऑक्टोबर 2018 च्या अखेरीस, दिवाळी तोंडावर असताना, मुंबई परिसरातल्या ओला-उबर चालकांनी संप केला. मागणी किलोमीटरमागच्या दराची होती. भाचाही गाडी बंद ठेवून बसला. त्याने मला विचारलं होतं, “मावशी, आम्ही कोणाच्या दारात जायचं?” रिक्षावाला परिवहन कार्यालयावर मोर्चा नेऊ शकत होता, दर सरकार ठरवत होतं. याच्या बाबतीत दर ठरवणारा दिसतच नव्हता. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा कुठे भाड्याचा किमान 80 टक्के भाग चालकाला मिळावा आणि दिवसात 12 तासांहून जास्त गाडी चालवू नये, हे कागदावर आलं. म्हणजे धंदा आधी उभा राहिला, माणसं त्यात कर्ज काढून उतरली, आणि नियम मागून आले. सिडकोच्या वेळी जमीन आधी गेली आणि साडेबारा टक्के मागून आले, त्याची मला आठवण झाली.

स्टँड अजून आहेत. भाडं 1 फेब्रुवारी 2025 पासून किमान 26 रुपये झालं. पण रांगेतली निम्मी माणसं आता फोनकडे बघत असतात. तिथे उभी असूनही ती त्या रांगेत नसतात. फळा मी शेवटचा पाहिला तेव्हा त्यावर कोणत्यातरी क्लासची जाहिरात चिकटवली होती.

आणि आता चालकाशिवाय चालणाऱ्या गाडीची चर्चा आहे. अमेरिकेत वेमो या कंपनीने 2018 च्या अखेरीस फीनिक्समध्ये भाड्याची सेवा सुरू केली, आणि जून 2024 पासून सॅन फ्रान्सिस्कोत कोणालाही रिकाम्या चालक-सीटची गाडी बोलावता येऊ लागली. आपल्याकडे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात सांगितलं की अशा गाड्या ते भारतात येऊ देणार नाहीत, कारण चालकांचे रोजगार जातील. त्यांच्या कारणाशी मी सहमत आहे. पण एका मंत्र्याचा शब्द ही चालकांची कायमची हमी होऊ शकत नाही.

इथल्या रस्त्यांवर ती गाडी कशी चालेल, असं लोक हसून विचारतात. मला हसू येत नाही. पाम बीच मार्गावर ती चालेल, अटल सेतूवरही चालेल. रुंद, आखीव, कुंपण घातलेले रस्ते तिला मानवतात. ती अडेल आमच्या गावठाणात. आगरी घरची हळद असली की संध्याकाळी मांडव रस्त्यावर येतो, गल्ली बंद होते. रिक्षावाला लांबूनच लाइट बघतो, मागे वळतो, दोन घरांच्या मधून काढतो आणि उतरताना यजमानाला हात करतो. मला भीती वाटते ती याची, की गाडी गल्लीला शिकणार नाही, गल्लीलाच गाडीसारखं व्हायला सांगितलं जाईल. रुंदीकरणाच्या रेषा आम्ही आधी पाहिलेल्या आहेत.

8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. त्या धावपट्टीसाठी दहा गावं उठली. तिथल्या मुलांनी गाड्या घेतल्या आहेत, बिल्ले काढले आहेत, हप्ते सुरू झाले आहेत. विमानतळाबाहेर कोणाची गाडी कोणत्या रांगेत लागेल, कंपनीचा वाटा किती असेल, खातं बंद झालं तर दाद कुठे मागायची, आणि उद्या चालकाविना गाडी आणायची झाली तर आधी कोणाला विचारायचं, हे सगळं याच वर्षा-दोन वर्षांत ठरेल. ते ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की एकदा संध्याकाळी या गावांच्या नव्या वसाहतींत येऊन बसा. चालकांना बोलवा, त्यांच्या आयांनाही बोलवा. आणि नियम लिहायला त्यानंतर घ्या.