स्थूलता शस्त्रक्रियेनंतर किती व कसे जेवावे?

तामिळनाडूत १५ ते ४९ वर्षे वयोगटातील सुमारे ४० टक्के स्त्रिया आणि ३७ टक्के पुरुष अतिवजन वा स्थूलता या गटात मोडतात, असे २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळून आले. संपूर्ण देशासाठी हेच प्रमाण अनुक्रमे २४ आणि २३ टक्के होते. आहार आणि व्यायाम यांनी वजन आटोक्यात न आलेल्या काही रुग्णांना डॉक्टर बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा, म्हणजेच वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. चेन्नईतील अनेक रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया होतात.

शस्त्रक्रिया काही तासांत पूर्ण होते. तिचे फळ टिकणार की नाही, हे मात्र पुढील अनेक वर्षे रोजच्या जेवणात ठरत असते. ज्या शहरात जेवण म्हणजे भात असे समीकरण आहे, तेथे हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

शस्त्रक्रियेने काय बदलते?

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकण्यात येतो आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक राहते. तिच्यात साधारणपणे १०० ते १५० मिलिलिटर अन्न मावते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न कमी मावते आणि त्यातील पोषक द्रव्यांचे शोषणही घटते.

दोन्ही प्रकारांत भूक नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकांमध्येही बदल होतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत अनेक रुग्णांना भूकच लागत नाही. अशा वेळी ‘भूक नाही, म्हणून खाल्ले नाही’ असे करणे धोक्याचे असते, कारण शरीराची प्रथिनांची आणि जीवनसत्त्वांची गरज कमी झालेली नसते.

पहिले दोन महिने

शस्त्रक्रियेनंतरचा आहार टप्प्याटप्प्याने वाढविला जातो. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते. तथापि सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

पहिले एक-दोन दिवस केवळ पाणी, गाळलेले सूप यांसारखे पातळ पदार्थ घोट-घोट देतात. त्यानंतर सुमारे दोन आठवडे साय काढलेले दूध, ताक, गाळलेल्या डाळीचे पाणी आणि डॉक्टरांनी सुचविलेली प्रथिनांची भुकटी यांवर भर असतो. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात घोटलेली डाळ, कुस्करलेले अंडे, दही असे मऊ वाटलेले अन्न सुरू होते. पुढील काही आठवडे नरम अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर हळूहळू नेहमीचे अन्न, असा हा प्रवास असतो.

प्रारंभी एका वेळी दोन ते चार मोठे चमचे एवढेच अन्न पुरेसे वाटते. तीन महिन्यांच्या सुमारास अर्धी वाटी आणि वर्षभरानंतर सुमारे एक वाटी अन्न एका वेळी घेता येते. प्रत्येक घास नीट चावून, २० ते ३० मिनिटांत जेवण पूर्ण करावे. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर सुमारे अर्धा तास थांबून ते प्यावे. दिवसभरात मात्र किमान दीड लिटर द्रवपदार्थ पोटात जाणे आवश्यक असते.

केळीच्या पानाचा क्रम

तमिळ पद्धतीच्या जेवणात पानाच्या वरच्या अर्ध्या भागात भाज्या, कोशिंबिरी आणि लोणचे, तर खालच्या अर्ध्या भागात भात वाढला जातो. हा भात प्रथम सांबारासह, नंतर रसमसह आणि शेवटी दही वा ताकासह खाल्ला जातो. वरणभाताने आरंभ आणि ताकभाताने शेवट करणाऱ्या मराठी वाचकांना हा क्रम अपरिचित वाटणार नाही.

चेन्नईतील प्रौढांच्या आहाराचा अभ्यास मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन या संस्थेने केला आहे. शहरातील लोकांना मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी, म्हणजेच कॅलरींपैकी, जवळजवळ निम्मे उष्मांक पॉलिश केलेल्या धान्यांतून आणि त्यातही प्रामुख्याने पांढऱ्या तांदळातून येतात, असे त्यात दिसून आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून, तर केवळ १२ टक्के प्रथिनांतून मिळतात.

शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण तसेच राहिले, तर काय होते, हे एका साध्या हिशेबातून स्पष्ट होईल. एक लहान वाटी सांबारभातात ढोबळमानाने १५० उष्मांक आणि चार ग्रॅम प्रथिने असतात. दिवसातून तीन वेळा असा भात खाल्ल्यास ४५० उष्मांक मिळतात, परंतु प्रथिने केवळ १२ ग्रॅम. रुग्णाला दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिनांची आवश्यकता असते. वजनकाट्यावर आकडा उतरत राहतो; पण त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजत असतात. थकवा, अशक्तपणा आणि केस गळणे या तक्रारी त्यातून वाढतात.

म्हणून पोटात जागा असेपर्यंत प्रथिने, त्यानंतर भाजी आणि सर्वांत शेवटी जागा उरली तर भात, असा क्रम ठेवावा लागतो. त्यासाठी परके पदार्थ शोधण्याची गरज नाही. डाळ आणि भाजी एकत्र शिजविलेले कूट्टू, वाफवलेल्या डाळीचा परुप्पु उसिली, कडधान्यांचे सुंडल, घट्ट दही, मासे आणि अंडी हे सारे चेन्नईच्या स्वयंपाकघरातच उपलब्ध असते. मराठी घरात हेच काम मऊ शिजविलेली मुगाची वा मटकीची उसळ, घट्ट वरण आणि पनीर करू शकतात. भात किंवा ब्रेड यांचा गोळा होऊन छातीत अडकल्यासारखे वाटते, अशी तक्रारही अनेक रुग्ण करतात. क्रम बदलल्याने तीही कमी होते.

उष्मांकांचा हिशेब

पहिल्या काही आठवड्यांत दिवसाला ४०० ते ६०० उष्मांक घेणेच शक्य होते. सहा महिन्यांच्या सुमारास हा आकडा साधारणपणे ८०० ते १००० पर्यंत आणि वर्षभरानंतर १००० ते १५०० च्या दरम्यान पोहोचतो. वय, उंची, श्रम आणि शस्त्रक्रियेचा प्रकार यांनुसार त्यात फरक पडतो.

सहा महिन्यांनंतरच्या एका दिवसाचा नमुना असा असू शकतो. सकाळी एक उकडलेले अंडे, एक इडली आणि थोडे घट्ट सांबार. मध्येच साय काढलेल्या एक पेला दुधातून प्रथिनांची भुकटी. दुपारी ४० ग्रॅम पनीर, अर्धी वाटी घट्ट डाळ, थोडी भाजी आणि दोन चमचे भात. सायंकाळी मूठभर हरभऱ्याचे सुंडल. रात्री माशाचा एक तुकडा, भाजी आणि एक लहान फुलका. या सर्वांतून सुमारे ९०० उष्मांक आणि ६० ते ७० ग्रॅम प्रथिने मिळतात. शाकाहारी व्यक्तींनी अंडी व माशाऐवजी पनीर, सोयाबीन किंवा दही वापरावे. हा केवळ नमुना आहे. प्रत्येक रुग्णाचा आहार त्याच्या आहारतज्ज्ञानेच निश्चित करावयाचा असतो.

तेल आणि साखर यांचे मोजमाप डोळ्यांनी न करता चमच्याने करावे. एक लहान चमचा तेलात सुमारे ४५, तर तेवढ्याच साखरेत सुमारे २० उष्मांक असतात.

सहज उतरणारे अन्न

शस्त्रक्रियेनंतर घट्ट अन्न अडते. गोड व पातळ अन्न मात्र सहज उतरते. दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या एक पेला फिल्टर कॉफीत सुमारे १०० उष्मांक असतात. दिवसातून तीन पेले घेतल्यास ९०० पैकी एक तृतीयांश उष्मांक केवळ कॉफीत जातात आणि पोट तर भरत नाही. पायसम, आइस्क्रीम, फळांचे रस आणि शीतपेये यांचेही असेच आहे. मुरुक्कू, चिवडा, फरसाण येता-जाता तोंडात टाकण्याची सवय जठर लहान असूनही वजन पुन्हा वाढवू शकते.

बायपास झालेल्या रुग्णांना गोड पदार्थांनी ‘डंपिंग’चा त्रास होण्याचा संभव असतो. साखर वेगाने आतड्यात उतरल्याने खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून भोवळ येते.

जीवनसत्त्वांकडे दुर्लक्ष नको

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचा उगम १९१८ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील कुन्नूर येथे झाला. ‘बेरीबेरी’ या रोगाचा शोध घेण्यासाठी तेथे एक लहान पथक स्थापन करण्यात आले होते. पॉलिश केलेला तांदूळ हेच मुख्य अन्न असणाऱ्यांना होणारा हा रोग ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या, म्हणजे थायमिनच्या अभावामुळे होतो. शंभर वर्षांनंतर हीच कमतरता वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा भेटते. शरीरातील थायमिनचा साठा काही आठवडेच पुरतो. वारंवार उलट्या होत असतील, तर तो लवकर संपून मेंदू आणि मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आयुष्यभर घ्याव्या लागतात. लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी रक्ततपासणी आवश्यक असते. मधुमेह वा रक्तदाबाच्या औषधांची मात्रा बहुधा कमी करावी लागते. ती स्वतःच्या मनाने बदलू नये. स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला दिला जातो.

वजन पुन्हा का वाढते?

बहुतेकांचे वजन पहिल्या एक ते दीड वर्षात वेगाने उतरते आणि मग स्थिरावते. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू झालेल्या प्रदीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनंतर सरासरी २३ टक्क्यांनी कमी होते. दहा वर्षांनंतर ही घट १७ टक्क्यांवर आली आणि वीस वर्षांनंतर ती १८ टक्के होती. थोडे वजन परत येणे हे अपयश नव्हे. तथापि भूक परत येते, जठर पूर्वीपेक्षा अधिक अन्न सामावून घेऊ लागते आणि जुन्या सवयीही डोके वर काढतात. त्यामुळे मोजूनमापून खाण्याची सवय पहिल्या वर्षातच अंगवळणी पडणे इष्ट असते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सतत उलट्या होणे, पाणीही न ठरणे, ताप, पोटात वा छातीत तीव्र वेदना, धाप लागणे, काळ्या रंगाचा मल, हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे किंवा एका वस्तूच्या दोन दिसणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

आग्रह आवरावा

पंगतीत आग्रह करून वाढणे हे आपल्याकडे प्रेमाचे लक्षण मानले जाते. मांडव चेन्नईतील असो वा कोल्हापुरातील, पान रिकामे दिसले की वाढणाऱ्याचा हात पुढे येतोच. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला एक घास अधिक झाल्यास वेदना आणि उलटी होऊ शकते, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे. तिच्यासाठी लहान ताटली आणि लहान वाटी ठेवावी. ‘एवढ्याने काय होणार?’ असे विचारू नये. त्या वाटीत प्रथिने पुरेशी आहेत ना आणि आजची गोळी घेतली ना, हे प्रश्न मात्र अवश्य विचारावेत.