संशोधकाचा कॅमेरा : सुमित्रा भावे यांची चित्रपटपद्धती

‘स्वतंत्र दिग्दर्शक’ ही संज्ञा आपण बहुधा पैशापुरती वापरतो. मोठा निर्माता पाठीशी नसला की दिग्दर्शक स्वतंत्र ठरतो. ही व्याख्या अपुरी आहे. निर्मात्याच्या तावडीतून सुटलेला दिग्दर्शक महोत्सवांच्या आवडीनिवडीला किंवा स्वतःच्याच गाजलेल्या शैलीला बांधला जाऊ शकतो. म्हणून चित्रपटामागचा प्रश्न कुठून आला आणि तो तपासण्याची रीत कोणाची, हे आधी पाहावे. सुमित्रा भावे (१९४३–२०२१) यांची कारकीर्द या कसोटीवर घासून पाहण्याजोगी आहे.

पुण्यात जन्मलेल्या भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या शिकल्या, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी शिकवले. चित्रपटाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. वस्तीतल्या स्त्रियांचा अभ्यास करताना त्यांच्यापुढे पेच उभा राहिला : जिच्या आयुष्यावर अहवाल लिहायचा, तिलाच तो वाचता येत नाही. या पेचातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते. माहिती जिच्याकडून घेतली तिला ती परत करण्याचे साधन म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि पुढचे सगळे काम या एका निर्णयावर उभे आहे, असे माझे मत आहे.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर याच काळात त्यांच्यासोबत आले आणि शेवटपर्यंत राहिले. १९९५ साली ‘दोघी’ आला. वऱ्हाडाच्या गाडीला अपघात होऊन नवरदेव मरतो आणि वधू गौरी पांढऱ्या पायाची ठरते. हाच मजकूर मेलोड्रामाला सहज देता आला असता. भावे मात्र एका मुलीवरच्या ठपक्यात गावाची रूढी, घरातली गरिबी आणि आईचे भय कसे गुंतलेले असते ते उलगडत नेतात. व्यक्तीकडे तिच्या परिसरासह पाहायचे ही समाजकार्याची शिस्त आहे. ‘वास्तुपुरुष’मध्ये तीच शिस्त एका जमीनदार घराण्याच्या पडझडीला लावलेली दिसते.

त्यांच्या चित्रपटांतले आजार अधिक बारकाईने पाहायला हवेत. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’मध्ये कोड, ‘अस्तु’त स्मृतिभ्रंश, ‘कासव’मध्ये नैराश्य. यांना ‘आजारावरचे चित्रपट’ म्हणणे उथळ आहे, कारण ‘देवराई’, ‘अस्तु’ आणि ‘कासव’ या तिन्ही चित्रपटांचा गुरुत्वमध्य रुग्णाजवळ बसलेल्या माणसात असतो. ‘अस्तु’तले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. मुलगी इरा त्यांना शोधत असते. तिच्याकडे प्रेम आहे, आजाराचे ज्ञान आहे आणि अपराधाचे ओझेही आहे. माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा हिला यातले काहीच ठाऊक नाही. समोर एक भुकेले म्हातारे मूल आहे, एवढेच तिला दिसते आणि ती त्याला भरवते. शास्त्री तिला आई म्हणतात. पंडिताची सगळी भाषा गळून गेल्यावर, ज्या बाईची भाषा त्याला येत नाही तिच्यापाशी त्याला आसरा मिळतो. शुश्रूषेसाठी नेमके काय लागते, हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मांडणारे दुसरे दृश्य मराठी चित्रपटात मला आठवत नाही. अमृता सुभाष यांना चन्नम्माच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसाच संवादांसाठी भावे यांनाही.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘दहावी फ’सारख्या चित्रपटात पात्रे कधी कधी लेखिकेचे म्हणणे स्वतःच बोलून दाखवतात आणि प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही. त्यांच्यातली शिक्षिका तिथे दिग्दर्शिकेच्या पुढे येते. उलट ‘एक कप च्या’मध्ये कोकणातल्या एसटी कंडक्टरला भरमसाट वीजबिल येते आणि तो माहितीच्या अधिकाराची वाट धरतो. इथे कायद्याची माहिती घरातल्या बोलण्यात विरघळून जाते, म्हणून ती लक्षात राहते.

वितरणाने मात्र त्यांना कायम रखडवले. ‘अस्तु’ला २०१३ सालचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पण तो चित्रपटगृहांत यायला २०१६ उजाडले. ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळाले तेव्हाही तो सामान्य प्रेक्षकापर्यंत पोचलेला नव्हता. ज्या दिग्दर्शिकेने आपला अभ्यास लोकांना परत करण्यासाठी चित्रपट निवडला, तिच्या बाबतीत हा विलंब नुसत्या व्यवसायाचा प्रश्न राहत नाही. त्यामुळे पद्धतीचा अर्धा भागच अपुरा राहतो. त्याचा दोष चित्रपटांना देता येणार नाही.

दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा ‘दिठी’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. मुलगा गमावलेला रामजी लोहार शेवटी अडलेल्या गाईला सोडवायला जातो. भावे १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या. ‘दिठी’ मे महिन्यात ओटीटीवर आला.