पंप बंद झाल्यावर

दोन वर्षांपूर्वी ऑनसाइटला बर्लिनमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी काहीच काम नव्हतं, म्हणून कॉटबुसची ट्रेन पकडली आणि तिथून पुढे श्प्रेमबर्गला गेलो. छोटंसं शहर, मधून श्प्रे नदी जाते. हीच नदी पुढे बर्लिनमधून वाहते. पुलावरून खाली वाकून पाहिलं तर पाणी चक्क गंजाच्या रंगाचं! वरच्या अंगाला एखादा कारखाना असणार, असं वाटलं. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं की कारखाना वगैरे काही नाही. हा रंग बंद झालेल्या खाणींचा आहे.

या भागाचं नाव लाउझित्स. इथे जमिनीखाली लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा आहे. पूर्व जर्मनीची बहुतेक वीज याच्यावर चालायची. १९८०च्या दशकात तो देश वर्षाला ३० कोटी टन लिग्नाइट काढत होता आणि त्यात जगात पहिला होता. खाणी उघड्या, खोल. त्या कोरड्या राहाव्यात म्हणून आजूबाजूचं भूजल रात्रंदिवस उपसायचं. एक टन कोळशामागे साधारण सहा-सात घनमीटर पाणी! शंभराहून जास्त गावं उठवली गेली, त्यातली कित्येक सोर्ब या स्लाव भाषा बोलणाऱ्या लोकांची. तो एक वेगळा आणि मोठा विषय आहे, पुन्हा कधीतरी.

आता थोडं रसायनशास्त्र (बारावीत मी ते ऑप्शनला टाकलं होतं, सांभाळून घ्या). इथल्या वाळूत पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. पाण्याखाली ते लाखो वर्षं शांत पडून होतं. पाणी उपसलं, हवा आत शिरली आणि पायराइटपासून गंधकाम्ल, लोह आणि सल्फेट तयार झालं. पण जमीन कोरडी होती तोवर हे सगळं जागच्या जागी राहिलं. १९९० साली जर्मनी एक झाला, बहुतेक खाणी बंद पडल्या, पंप थांबले. भूजल हळूहळू वर चढू लागलं आणि जाताजाता हे सगळं विरघळवून सोबत घेऊ लागलं.

बोअरवेलचं पाणी बादलीत भरताना स्वच्छ दिसतं आणि थोड्या वेळाने पिवळं पडतं, हे अनेकांनी घरी पाहिलं असेल. अगदी तेच. जमिनीतलं लोह नदीत येऊन हवेला लागलं की गंज होऊन तळाशी बसतं. माणसाला त्याने फारसं काही होत नाही, पण तळातले किडे आणि माशांची अंडी त्याखाली गुदमरतात. श्प्रेमबर्गच्या खाली एक धरण आहे, तिथे बराचसा गाळ अडतो. त्याच्या आधी पाण्यात चुनाही मिसळतात. सल्फेटचं मात्र तसं नाही, ते विरघळलेलंच राहतं आणि नदीबरोबर थेट बर्लिनपर्यंत जातं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे.

आणि माती? मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. खाणीतून काढून टाकलेल्या त्या आम्लधर्मी वाळूत गवतही उगवत नव्हतं. १९५०-६०च्या दशकांत तिथल्या संशोधकांनी एक साधी युक्ती काढली. लिग्नाइट जाळून उरलेल्या राखेत चुन्याचा अंश भरपूर असतो, तीच राख वाळूत खोल नांगरून मिसळायची. कचऱ्याचा उपाय कचऱ्यानेच! त्यावर पाइनची जंगलं उभी राहिली, शेतीही झाली. फक्त हे मिसळणं साधारण ६० सेंटिमीटर ते एक मीटरपर्यंतच पोचायचं. त्याखाली वाळू आंबटच, आणि मुळं तिथे पोचली की थांबतात. वरून हिरवं जंगल दिसतं, पण त्याच्या खालून आम्ल भूजलात उतरतच असतं.

तळ्यांचंही तसंच. झेन्फ्टेनबेर्गचं तळं हे लाउझित्सचं कौतुकाचं पोर. ऑटो रिंट नावाच्या भूदृश्यकाराच्या कल्पनेतून १९६७ ते १९७२ या काळात एक जुनी खाण नदीच्या पाण्याने भरली गेली आणि १९७३मध्ये लोक पोहायलाही लागले. नदीचं पाणी वापरणं महत्त्वाचं, कारण नुसतं भूजल भरू दिलं तर तळ्याचा पीएच तीनच्या आसपास उतरतो. मग नावेतून चुना टाकत फिरावं लागतं. पण या तळ्यातलं बेट आजही बंद आहे. टाकलेल्या वाळूचे कण पाण्याने भिजले की सुटे होऊन एकदम द्रवासारखे वाहू शकतात. ऑक्टोबर २०१०मध्ये श्प्रेतालजवळ असंच झालं, जमिनीबरोबर ट्रक आणि मेंढ्याही गेल्या.

हे सगळं निस्तरायला केंद्र सरकारची एक कंपनी आहे. लाउझित्स आणि मध्य जर्मनी मिळून आजवर १० अब्ज युरोंहून जास्त खर्च झाला आहे. मला वाटतं, १९८०मध्ये विजेच्या बिलात हा आकडा घातला असता तर कोळसा स्वस्त आहे असं कुणी म्हटलं नसतं. असो.

गंमत (?) अशी की उरलेल्या खाणींचे पंप अजून चालू आहेत आणि ते पाणी श्प्रेतच सोडलं जातं. जर्मनीच्या पर्यावरण संस्थेच्या २०२३च्या अभ्यासानुसार कडक उन्हाळ्यात नदीच्या पाण्यातला ७५ टक्क्यांपर्यंत वाटा या उपशाचा असतो. कायद्याने कोळसा उशिरात उशिरा २०३८ला बंद व्हायचा आहे, आणि त्याबरोबर हे पंपही थांबतील. तेव्हा रिकाम्या खड्ड्यांची तळी करायलाही पाणी लागणार, आणि ते याच श्प्रेमधून घ्यायचं आहे.