नवसागर : कल्हईच्या भट्टीपासून जेट इंजिनापर्यंत

वाचकहो, आपल्यातील वडीलधाऱ्यांना कल्हईवाला आठवत असेल. मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर खड्डा करून तो भाता लावी, तांब्याचे पातेले तापवी आणि चिमूटभर पांढरी पूड टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवी. धुराचा झणका नाकात शिरे, काळवंडलेले तांबे निर्मळ होई आणि मग कथील त्यावर धरू लागे. ती पूड म्हणजे नवसागर. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या पुस्तकात तिचे नाव अमोनियम क्लोराइड आहे. जेट विमानाच्या इंजिनातील पाती आगीपासून वाचविण्याच्या कामी हीच पूड येते, हे मात्र त्या पुस्तकात बहुधा सापडणार नाही.

नवसागराची ओळख फार जुनी. तेहरानजवळच्या रय शहराचे हकीम अबू बकर अल्-राझी (निधन इ. स. 925 च्या सुमारास) यांनी 'किताब अल्-अस्रार' या ग्रंथात पदार्थांची वर्गवारी केली. पारा, गंधक, हरताळ आणि नवसागर यांना त्यांनी 'अर्वाह', म्हणजे रूह असलेले, म्हटले. कारण आच लागताच ते उडून जातात. सोने, तांबे, लोखंड हे 'अज्साद', म्हणजे जिस्म. राझींना जेट इंजिन ठाऊक होते असा दावा कोणी व्यासपीठावरून केला तर टाळ्या पडतील, पण ते खरे नव्हे. आच लागताच उडणे हा नवसागराचा गुण त्यांनी नेमका टिपला होता, इतकेच खरे. आणि पुढची सारी गोष्ट त्याच गुणावर उभी आहे.

धातू भुकटीत पुरून तापविण्याची युक्तीही जुनीच. इंग्लंडात शेफील्डला लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीसह दगडी पेट्यांत बंद करून आठवडाभर तापवीत. कोळशातील कार्बन लोखंडात मुरून पोलाद तयार होई. या कृतीला 'सिमेंटेशन' म्हणत. घरे बांधण्याच्या सिमेंटशी तिचा काही संबंध नाही. फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी 1722 साली यावर ग्रंथ लिहिला. 1900 च्या सुमारास शेरार्ड कूपर-कोल्स यांनी कोळशाऐवजी जस्ताची भुकटी घेतली. मग 1911 च्या सुमारास अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या टायको व्हॅन ॲलर यांनी ॲल्युमिनियमच्या भुकटीत नवसागर मिसळला.

त्याने काय झाले, ते नीट पाहा. पेटीत धातूची वस्तू, तिच्याभोवती ॲल्युमिनियमची भुकटी, थोडा नवसागर आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ॲल्युमिनाची पूड. भट्टी तापली की नवसागर फुटून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो ॲल्युमिनियमला धरून त्याचे वायुरूप क्लोराइड बनवितो. हा वायू वस्तूच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम सोडतो आणि मोकळा झालेला क्लोरीन पुन्हा नवे ओझे आणण्यास परततो. जणू हमालच! म्हणूनच चिमूटभर नवसागर पुरतो. सोडलेले ॲल्युमिनियम कल्हईसारखे वरवर बसत नाही, ते धातूत मुरते. निकेलच्या पात्यात मुरले की निकेल-ॲल्युमिनाइडचा थर तयार होतो. पुढे इंजिनातील गरम हवेचा ऑक्सिजन लागताच त्यावर ॲल्युमिनाचा बारीक पापुद्रा धरतो. माणिक आणि नीलम हे खडेही मुळात ॲल्युमिनाच. तो पापुद्रा ऑक्सिजनला आत शिरू देत नाही म्हटले तरी चालेल.

जेट इंजिनांना याची गरज का पडली? जास्त आचेत पाती ताकदवान राहावीत म्हणून मिश्रधातूंतील क्रोमियम कमी करण्यात आले. ताकद वाढली, पण क्रोमियममुळे मिळणारे संरक्षण गेले. तेव्हा 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून पात्यांना ॲल्युमिनियमचे लेप देऊ लागले. लेपाची वाढ कशी होते, याची उकल गोवर्ड आणि बून या दोन शास्त्रज्ञांनी 1971 च्या लेखात केली. तोवर कारागिरी पुढे गेली होती आणि शास्त्र मागून येत होते. कारागिराच्या मुलाने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, अशी आमची विनंती आहे.

हा लेपही कायमचा नव्हे. पापुद्रा वारंवार तडकतो, नवा धरण्यात ॲल्युमिनियम खर्ची पडते आणि काही काळाने थर झिजतो. मग पाते इंजिनातून काढतात, जुना थर आम्लाने उतरवितात आणि धातू शाबूत असेल तर त्याला पुन्हा लेप चढवितात, दर काही महिन्यांनी पातेली पुन्हा कल्हईला जात, तसे.